पुस्तक रॅकवर आहे, कॅटलॉगमध्ये आहे, पण सर्चमध्ये सापडत नाही: रीइंडेक्स मारायच्या आधी काय बघायचं

हा प्रॉब्लेम माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी हजर होतो. वाचक काउंटरवर येतो, म्हणतो हे पुस्तक तुमच्याकडे नाहीये, मी म्हणते आहे की, आत जाऊन रॅकवरून काढून आणते, बारकोड मारला की पहिल्या फटक्यात इश्यू होतं, आणि तेच नाव सर्चमध्ये टाकलं की एकही नोंद नाही. मग कोणीतरी जाणकार सांगतो इंडेक्स (सर्चसाठी बनवलेली शब्दांची सूची) गंडलाय, रिबिल्ड मार, म्हणजे तो नव्याने बांध. रिबिल्ड मारतो. कधी सापडतं, बहुतेक वेळा नाही सापडत, आणि सापडलं तरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या पुस्तकाचं तेच रडगाणं.

पहिली दोन वर्षं मी प्रत्येक वेळी रिबिल्डच मारत होते म्हणून आता सांगते, इंडेक्स बिचारा क्वचितच दोषी असतो. निदान देवनागरी रेकॉर्डच्या बाबतीत तरी बहुतेक वेळा घोळ अक्षरांमध्ये असतो. आपल्या डोळ्यांना दोन शब्द एकसारखे दिसतात पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि मशीन आपलं काम इमानदारीत करत असतं.

मी कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर वापरते म्हणून नावं कोहाची येतील, पण दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर असलं तरी विचार करायची पद्धत तीच. आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिलीयत, टर्मिनलवर रोमनमध्येच टाकायची हे वेगळं सांगायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बारकोड मारून पुस्तक इश्यू होतं तेव्हा कोहा सरळ डेटाबेसच्या टेबलात बघतो, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीमध्ये. सर्च मात्र डेटाबेसमध्ये बघतच नाही, तो झेब्रा या सर्च इंजिनच्या इंडेक्समध्ये बघतो, किंवा तुम्ही इलास्टिकसर्च लावलं असेल तर तिकडे. ही दोन वेगळी घरं आहेत. त्यामुळे "इश्यू होतंय म्हणजे सगळं ठीक आहे" हेही चूक आणि "सर्चमध्ये नाही म्हणजे रेकॉर्ड उडालं" हेही चूक. रेकॉर्ड एका घरातून दुसऱ्या घरात जाताना नेमकं कुठे अडकलं एवढंच शोधायचंय.

त्यासाठी मी चार गोष्टी करून बघते, पाच मिनिटं लागतात, आणि याच क्रमाने करते कारण एकीचं उत्तर मिळालं की पुढचीचा अर्थ लागतो.

बारकोडवरून आयटम उघडा, तिथून रेकॉर्डवर जा, बिब्लिओनंबर (रेकॉर्डचा नंबर) लिहून घ्या आणि मार्क व्ह्यूमध्ये, म्हणजे रेकॉर्ड मार्क या कॅटलॉगच्या स्वरूपात दिसतं तिथे, २४५ म्हणजे शीर्षकाचं फील्ड बघा. अक्षरं नीट दिसतायत का? इथेच कचरा दिसत असेल तर पुढचं काही करू नका, घोळ इम्पोर्टमध्ये आहे. नीट दिसत असेल तर त्याच रेकॉर्डमधला आयएसबीएन जसाच्या तसा कॉपी करून सर्चमध्ये टाका. आयएसबीएन नसेल तर रेकॉर्डमधला रोमन लिपीतला कुठलाही शब्द चालेल. याने सापडलं नाही तर रेकॉर्ड इंडेक्समध्ये पोचलेलंच नाही. सापडलं, तर मग रेकॉर्डमधलं शीर्षक कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट करा, हाताने टाइप करू नका. पेस्ट करूनही नाही मिळालं तर इंडेक्सला देवनागरी कळत नाहीये. पेस्ट करून मिळालं आणि हाताने टाइप करून नाही मिळालं तर अभिनंदन, तुम्ही सगळ्यात किचकट पण सगळ्यात कॉमन प्रकारात आलात, त्यावर खाली भरपूर लिहिलंय.

इंडेक्समध्ये पोचलंच नसेल तर ते त्यातल्या त्यात सोपं. कोहा-इंडेक्सर चालू आहे का बघा, जुन्या सेटअपमध्ये त्याऐवजी क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) असतो तो चालतोय का बघा. डिस्क भरलीय का बघा, हे हास्यास्पद वाटेल पण दोनदा हेच कारण निघालंय. डेटाबेसमध्ये झेब्राक्यू नावाचं टेबल आहे, त्यात ज्या ओळींमध्ये डन या कॉलममध्ये शून्य आहे त्या अजून इंडेक्स व्हायच्यात, ती संख्या दिवसभर कमीच होत नसेल तर रांग अडलीय. आणि एखादंच रेकॉर्ड अडत असेल तर त्यात बहुधा एखादं कंट्रोल कॅरेक्टर घुसलंय. पीडीएफमधून सारांश कॉपी करून ५२० फील्डमध्ये टाकला की असले न दिसणारे पाहुणे सोबत येतात, एक्सएमएलमध्ये ते चालत नाहीत, आणि कोहा रेकॉर्ड मार्कएक्सएमएल म्हणूनच साठवतो, त्यामुळे ते एक रेकॉर्ड इंडेक्सला वाचताच येत नाही. ते फील्ड रिकामं करा, मजकूर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा, तिथून उचला. फुल रिबिल्ड मारायचाच असेल तर गर्दीच्या वेळी मारू नका, कारण तो आधीचा इंडेक्स पुसून नव्याने भरतो आणि तोवर वाचकांना अर्धवट रिझल्ट दिसतात, आणि मग तुमचा फोन वाजायला लागतो.

आता कचरा दिसण्याचं. कचऱ्याचेही प्रकार असतात आणि प्रकार ओळखता आला तर अर्धं काम झालं.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, एका अक्षराला एक, तर तो डेटा गेला. मेला. परत येणार नाही, कारण सेव्ह करतानाच अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. नव्वद टक्के वेळा हे एक्सेलचं काम असतं, म्हणजे मोजलं नाहीये मी, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय. साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की एक्सेल विंडोजच्या कोडपेजमध्ये (जुन्या, छोट्या अक्षरसंचात) लिहितं आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो तो निवडायचा, नाहीतर लिब्रेऑफिस वापरा, ते निदान कॅरेक्टर सेट विचारतं तरी. एक्सेलचा विषय निघालाच आहे तर, १३ अंकी आयएसबीएनचं ते ९.७८ वगैरे वगैरे करून टाकतं, बारकोडच्या सुरुवातीची शून्यं खातं आणि "२-३" असा खंड क्रमांक दिसला की त्याची तारीख करतं. कॉलम आधी टेक्स्ट करून मगच डेटा पेस्ट करायचा. हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते आणि तरीही होतं.

एका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसत असतील आणि त्यात डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेलं रोमन ए सारखं सारखं येत असेल, तर डेटा जिवंत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, कोणीतरी ते तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरं समजून वाचले एवढंच. मूळ फाइल योग्य एन्कोडिंग निवडून परत इम्पोर्ट करा. मूळ फाइल नसेल तर उलटं रूपांतर करून बरंचसं परत मिळतं, पण जोडाक्षरं तपासून घ्या. हलंताचा तिसरा बाइट नेमका अशा जागी पडतो जी विंडोज-१२५२ या कोडपेजमध्ये रिकामी आहे, काही प्रोग्राम तो बाइट टाकून देतात आणि मग तुमची सगळी जोडाक्षरं लंगडी होतात.

याच प्रकाराचं मार्क फाइलमधलं कारण म्हणजे लीडर, म्हणजे रेकॉर्डच्या सुरुवातीची माहितीची पट्टी. मार्क २१ च्या लीडरमध्ये २४ जागा असतात, शून्यापासून मोजायच्या, त्यातल्या ०९ नंबरच्या जागी रोमन ए असेल तर रेकॉर्ड युनिकोडमध्ये आहे असा अर्थ आणि ती जागा रिकामी असेल तर मार्क-८ या जुन्या एन्कोडिंगमध्ये. मार्क-८ मध्ये अरबी आहे, हिब्रू आहे, सिरिलिक आहे, देवनागरी नाहीच. म्हणजे देवनागरी रेकॉर्डच्या लीडरमध्ये ती जागा रिकामी असणं हे मुळातच खोटं आहे, पण कितीतरी ठिकाणून रेकॉर्ड असेच येतात, आणि इम्पोर्ट करणारं सॉफ्टवेअर लीडरवर विश्वास ठेवून यूटीएफ-८ ला मार्क-८ समजून "कन्व्हर्ट" करतं. मार्कएडिट या टूलमध्ये फाइल उघडून सगळ्या लीडरची ती एक जागा दुरुस्त करायची आणि मग स्टेज (कोहात इम्पोर्टची तयारी) करायचं, दोन मिनिटांचं काम.

आणि कृपा करून, हात जोडून सांगते, डॉट एमआरसी फाइल (मार्क रेकॉर्डची फाइल) नोटपॅडमध्ये उघडून "फक्त एक वेलांटी" दुरुस्त करू नका. त्या फाइलच्या डिरेक्टरीत प्रत्येक फील्ड किती बाइटचं आहे आणि कितव्या बाइटला सुरू होतं हे लिहिलेलं असतं. तुम्ही एखादं चिन्ह वाढवलं की तीन बाइट वाढले आणि पुढचं सगळं सरकलं, मग लेखकाच्या नावाचं शेपूट प्रकाशकाच्या डोक्यावर. मार्कएडिटने फाइल फोडा, एमआरके स्वरूपात दुरुस्त करा, परत बांधा, आकडे तो स्वतः मोजतो. याच हिशेबामुळे अजून एक गंमत होते. फील्डच्या लांबीला डिरेक्टरीत चारच अंक आहेत म्हणजे ९९९९ बाइट, इंग्रजी सारांशाला ते भरपूर पण देवनागरीत तीनने भागा, काना-मात्रा धरून ३३३३ चिन्हं, संपलं. लांब सारांश अर्धवट येत असतील तर हे बघा आणि एमआरसीऐवजी मार्कएक्सएमएलने ने-आण करा.

चौकोन दिसत असतील तर डेटा ठीक आहे, त्या मशीनवर फॉन्ट नाही, पुढे चला. आणि मार्क व्ह्यूमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतोय पण जुन्या यादीत तोच मजकूर मराठी दिसायचा, असं असेल तर तो श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फॉन्टचा डेटा आहे. तिथे खाली साठवलेली अक्षरं रोमनचीच असतात, फॉन्ट वर मराठी मुखवटा चढवतो. त्याला कन्व्हर्टर लागतो, आणि नेमका त्याच फॉन्टचा लागतो, कारण कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला लावला की नवीनच भाषा जन्माला येते. कन्व्हर्ट झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासा, चुकायची जागा तीच.

पेस्ट करूनही सापडत नाही असं असेल तर झेब्राची सेटिंग. झेब्रामध्ये अक्षरं समजून घ्यायच्या दोन पद्धती आहेत, सीएचआर आणि आयसीयू. सीएचआर ही लॅटिन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेली, देवनागरीला आयसीयू लागते. झेब्राच्या कॉन्फिगमध्ये डिफॉल्ट डॉट आयडीएक्स फाइलमध्ये कुठली लावलीय ते कळतं. बदललं तर झेब्रा रीस्टार्ट आणि मग फुल रिबिल्ड, नुसता रीस्टार्ट पुरत नाही कारण जुना इंडेक्स जुन्याच पद्धतीने बांधलेला असतो. ही एक वेळ अशी की रिबिल्ड खरंच हवा असतो.

आयसीयू लावल्यावर उलटी तक्रार येऊ शकते, सापडत नाही ऐवजी नको ते सगळं सापडतं. तेव्हा वर्ड्स-आयसीयू फाइल उघडून बघा, त्यात नॉनस्पेसिंग मार्क (स्वतःची जागा न घेता अक्षराला चिकटणाऱ्या खुणा) काढून टाकणारा नियम आहे का. तो नियम फ्रेंच-जर्मन अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा काढायला असतो, चांगल्या हेतूने, पण युनिकोडच्या हिशेबात आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलंत हेही नॉनस्पेसिंग मार्कच आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग मात्र त्यात येत नाहीत. म्हणजे सुर, सूर, सेर आणि सर हे सगळे इंडेक्समध्ये "सर" होतात पण सीर आणि सार वाचतात. वाचक सूर शोधतो आणि त्याला सरांच्या आठवणी मिळतात. एक महिना मला हे कळत नव्हतं, मला वाटायचं फझी सर्च चालू राहिलंय.

आता मुख्य दुखणं. पेस्ट केलं की सापडतं, टाइप केलं की नाही.

"दुसऱ्या" हा शब्द घ्या. यातला तो अर्धा र, चंद्रकोरीसारखा, तो मशीनमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येतो आणि तिन्ही स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलंत. दोन, साधा र, मग नुक्ता वेगळा, मग हलंत. तीन, साधा र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, जो दिसतच नाही. यातले पहिले दोन युनिकोडच्या नियमाने एकच मानले जातात, नॉर्मलायझेशन (सगळी रूपं एकाच रूपात आणणं) केलं की जुळतात. तिसरा कधीच जुळत नाही, तो नियमानेच वेगळा आहे. आणि चौथा प्रकार म्हणजे कीबोर्डवर ऱ सापडत नाही म्हणून लोक सरळ र्य लिहितात, "दुसर्या", तो तर दिसतोही वेगळा. आता विचार करा, तुमचा एक कॅटलॉगर एक कीबोर्ड वापरतो, दुसरी वेगळा, जुना डेटा कन्व्हर्टरमधून आलाय आणि वाचक फोनवरून टाइप करतोय. दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्या, डोंगऱ्या, गोऱ्हे, कऱ्हाडे, यातलं काहीही शीर्षकात किंवा लेखकाच्या नावात असलं की सापडणं नशिबावर.

तसंच ॲ चं. "ॲटलास" यातला पहिला ॲ हा एकच स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं लोक अ आणि त्यावर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहायचे, काही हिंदी पद्धतीने ए वर चंद्र देतात. दिसायला पहिले दोन सारखे, जुळत मात्र नाहीत. ॲ ने सुरू होणारी तुमच्याकडची सगळी पुस्तकं एकदा शोधून बघा, दोन्ही प्रकारे, आकडे वेगळे येतील, माझे आले.

आणि विसर्ग. "दुःख" मध्ये खरा विसर्ग टाकायला कीबोर्डवर शोधावं लागतं म्हणून निम्मे लोक तिथे कोलन मारतात, दिसायला कोण ओळखतंय. पण कोलन हे विरामचिन्ह. काही टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारे प्रोग्राम) तिथे शब्द तोडून "दु" आणि "ख" करतात, काही कोलन गाळून "दुख" करतात, आणि दोन्ही बाबतीत खऱ्या विसर्गाच्या दुःखाशी त्याची भेट होत नाही. त्यात सर्चबॉक्समध्ये कोलनचा अर्थ "या फील्डमध्ये शोध" असाही लावला जाऊ शकतो, मग तर काय विचारायलाच नको. अंतःकरण, पुनः, निःशब्द, सगळे याच रांगेत.

बाकी किरकोळ म्हणजे भाग २ मधला दोन मराठी की इंग्रजी, शब्दांमधली जागा साधी स्पेस की वेबसाइटवरून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस, शीर्षकाच्या शेवटी चिकटलेलं काहीतरी अदृश्य. यातलं काहीही डोळ्याने पकडता येत नाही म्हणून डोळ्यांवर वेळ घालवू नका.

पकडायचं कसं तर मी ओपनरिफाइन हे डेटा साफ करायचं टूल वापरते. संशयित शीर्षकं एका रिपोर्टने काढायची, ओपनरिफाइनमध्ये टाकायची, कॉलमच्या ट्रान्सफॉर्ममध्ये व्हॅल्यू डॉट युनिकोड आणि पुढे रिकामे कंस असं लिहायचं, खाली प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक चिन्हाचा नंबर दिसतो, काही बदलायची गरज नाही, नुसतं बघायचं. २३५३ आणि पुढे २३८१ दिसलं तर ऱ बरोबर लिहिलाय. २३५२, २३८१, ८२०५ दिसलं तर जोडकवाला. २४१८ म्हणजे एकसंध ॲ, २३०९ आणि २३७३ म्हणजे अ वर चंद्र. २३०७ हा विसर्ग, ५८ हा कोलन. १६० म्हणजे ती चिवट स्पेस, ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, आणि पहिल्याच जागी ६५२७९ दिसलं तर फाइलच्या सुरुवातीची बीओएम खूण शीर्षकात घुसलीय. हा तक्ता मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.

आता दुरुस्ती. इथे दोन शाळा आहेत, डेटा दुरुस्त करा म्हणणारे आणि इंडेक्स हुशार करा म्हणणारे. मी दोन्ही करते, पण एकच करायचं झालं तर इंडेक्स, कारण डेटा कितीही स्वच्छ केला तरी वाचक त्याच्या फोनवरून काय टाइप करेल हे आपल्या हातात नाही.

झेब्राच्या त्या वर्ड्स-आयसीयू फाइलमध्ये ट्रान्सलिटरेटचे नियम लिहिता येतात. र, हलंत आणि जोडक दिसले की ऱ आणि हलंत कर, अ वर चंद्र दिसला की ॲ कर, मराठी आकड्यांचे इंग्रजी कर, असे चार-पाच नियम, टोकनाइझ करायच्या ओळीच्या आधी. तीच फाइल रेकॉर्ड इंडेक्स करताना आणि वाचकाचा प्रश्न समजून घेताना दोन्हीकडे लागते म्हणून दोन्ही बाजू एका रूपात येतात आणि जुळतात. शब्दवाली फाइल बदलली की फ्रेजवाली पण बदला, नाहीतर एका सर्चमध्ये मिळतं आणि दुसऱ्यात नाही असं होतं. बदल थेट लाइव्हवर करायच्या आधी याझ-आयसीयू नावाचं छोटं टूल आहे, त्याला ही फाइल द्या आणि शब्द द्या, तो कसे तुकडे करतो ते लगेच दिसतं, फुल रिबिल्डची वाट बघायला नको. इलास्टिकसर्चवर असाल तर हेच काम मॅपिंग प्रकारच्या कॅरेक्टर फिल्टरने होतं. त्यात इंडिक नॉर्मलायझेशन नावाचा तयार फिल्टर आहे तो जरूर लावून बघा, हिंदी नॉर्मलायझेशनवाला मात्र मराठीला विचार करून, कारण तो दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व करून टाकतो आणि दिन आणि दीन एकाच पंगतीत बसतात.

हे सगळं नीट चालू झालं आणि सहा महिन्यांनी तोच प्रॉब्लेम परत आला तर? माझ्याकडे आला. डोकं खाजवलं, डेटा तपासला, सगळं बरोबर. शेवटी कळलं की मधल्या काळात सॉफ्टवेअर अपग्रेड झालं होतं. अपग्रेड करताना डेबियन (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम) विचारतं की ही कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली दिसतेय, तुमची ठेवू की नवीन टाकू, आणि करणाऱ्याने बिनधास्त नवीन टाक म्हणून सांगितलं होतं. माझे पाचही नियम गुल. दर दोन-तीन महिन्यांनी येणारा प्रॉब्लेम म्हणते ना मी, त्यातले निम्मे असे होते. आता बदललेल्या फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि अपग्रेडनंतर पहिलं काम म्हणजे "दुसऱ्या" चारही प्रकारे शोधून बघणं.

डेटा दुरुस्त करायचा असेल तर आधी बॅकअप, मग मार्कएडिट किंवा कोहाचंच मार्क मॉडिफिकेशन टेम्प्लेट. सगळे जोडक सरसकट उडवू नका, काही ठिकाणी ते मुद्दाम असतात, अर्धं अक्षर उभं दाखवायला. फक्त र आणि हलंत यांच्या मागोमाग आलेला आणि पुढे य किंवा ह असलेला बदला. आणि कोलनचा विसर्ग करताना तर शंभर वेळा विचार करा. मी एकदा मोठ्या उत्साहात दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये आलेला प्रत्येक कोलन बदलून विसर्ग केला. नियमाने शीर्षक आणि उपशीर्षकाच्या मधल्या कोलनच्या आधी स्पेस असते, म्हणून मला वाटलं ते सुरक्षित आहेत. पण बाहेरून आलेल्या रेकॉर्डमध्ये कोणी ती स्पेस दिलीच नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडची दीडेकशे शीर्षकं विसर्गाने आपल्या उपशीर्षकाला चिकटून एक शब्द झाली होती. बॅकअप होता म्हणून वाचले. आता मी शब्दांची यादी करते, दुःख, अंतःकरण वगैरे, आणि तेवढेच बदलते.

एक प्रकार असाही निघतो जिथे अक्षरं शुद्ध, इंडेक्स शुद्ध आणि तरी सापडत नाही, कारण पुस्तकच जुनं आहे. १९६२ च्या लेखन नियमांच्या आधीच्या पुस्तकांवर नाहीं, कांहीं, करूं असे अनुस्वार असतात. २४५ मध्ये मुखपृष्ठावर नाही तर शीर्षकपानावर जसं आहे तसंच उतरवायचं असतं, ते मोडू नका, पण २४६ मध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये, आजचं लेखन टाका. त्यातच रोमनमधलं लेखनही टाकून ठेवा, बरेच वाचक मराठी पुस्तक इंग्रजी अक्षरांत शोधतात. लेखकाच्या नावाच्या वेगवेगळ्या लेखनांसाठी ऑथॉरिटी रेकॉर्ड (नावाची सगळी रूपं एकत्र बांधणारी नोंद), तो मोठा विषय आहे, इथे नको. आणि आयएसबीएन १० अंकी टाकला की मिळतो १३ अंकी टाकला की नाही असं होत असेल तर सिस्टम प्रेफरन्समध्ये आयएसबीएन व्हेरिएशनचं सेटिंग आहे, ते चालू करा.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली तर स्क्रीनशॉट पाठवू नका, स्क्रीनशॉटमध्ये तिन्ही "दुसऱ्या" सारखेच दिसतात. बिब्लिओनंबर, वरच्या चार चाचण्यांची चार उत्तरं, रेकॉर्डमधल्या शब्दाचे युनिकोड नंबर आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दाचे नंबर, एवढं एका मेसेजमध्ये द्या. अर्ध्या वेळा ते दोन नंबर एकाखाली एक लिहितानाच तुम्हाला दिसेल की एकात ८२०५ आहे आणि दुसऱ्यात नाही, आणि मेसेज पाठवायची गरजच पडणार नाही.